सदतीस वर्षांची खुर्ची

पोर्तुगाल म्हटले की आपल्याला गोवा आठवतो आणि आपण तिथेच थांबतो. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली, इथवर मुलांच्या पुस्तकात असते. पण गोवा भारताचा झाला हे पोर्तुगालने कागदावर कबूल केले ते तेरा वर्षांनी, १९७४ च्या डिसेंबरात. इतका उशीर का? कारण त्या वर्षीच्या २५ एप्रिलपर्यंत त्या देशात लोकांचे राज्य नव्हतेच. त्या दिवशी सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथून टाकली. पदच्युत पंतप्रधान मार्सेलू कायतानू आणि राष्ट्राध्यक्ष आमेरिकू तोमाश यांना ब्राझीलला धाडण्यापूर्वी काही आठवडे भर समुद्रातल्या एका बेटावर नेऊन ठेवले होते. त्या बेटाचे नाव मदेरा.

या वेळी आम्ही वाचकांना त्या बेटावर नेणार आहोत. तिथे एक गृहस्थ १९७८ साली मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसले ते २०१५ साली उठले. सदतीस वर्षे! आणि हे हुकूमशाहीत नव्हे. मतपेटी ठेवून, मते मोजून, दर वेळी निवडून येऊन. त्यांचे नाव आल्बेर्तू जुआंव जार्दिम. यातले ‘जुआंव’ गोव्याच्या वाचकांना परके वाटणार नाही. जूनमध्ये विहिरीत उड्या मारून जो ‘सांजांव’ साजरा करतात, त्यातला ‘जांव’ तो हाच.

मदेरा लिस्बनपासून सुमारे हजार किलोमीटर नैर्ऋत्येला, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात आहे. शेजारी पोर्तू सांतू नावाचे लहान बेट. दोन्ही मिळून वस्ती अडीच लाखांच्या आसपास. जमीन म्हणाल तर सगळा डोंगर. सपाट जागा अशी नाहीच. पोर्तुगीज तिथे पोचले १४१९-२० च्या सुमारास, तेव्हा बेटावर माणूस नव्हता. त्यांनी जंगल तोडले, ऊस लावला आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून आणि कनारी बेटांवरून गुलाम आणले. पुढे ब्राझीलमध्ये आणि कॅरिबियन बेटांत उसाच्या मळ्यांवर जो गुलामीचा बाजार भरला, त्याची तालीम या चिमुकल्या बेटावर झाली होती.

उसानंतर द्राक्षे आली, दारू आली, इंग्रज व्यापारी आले. जमीन मात्र मूठभर जमीनदारांच्याच हाती राहिली. ती कसण्याची पद्धत काय होती, ते जरा नीट सांगतो, कारण बेटाचे सगळे राजकारण त्या मातीतूनच उगवले आहे.

या पद्धतीला ‘कोलोनिया’ म्हणत. जमीन मालकाची. पण डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेते करायची कुळाने. दगड वाहायचे कुळाने, माती पाठीवरून आणून टाकायची कुळाने, झाडे लावायची, राहायला खोपटे बांधायचे तेही कुळाने. बांध, झाडे, घर ही कुळाची मालमत्ता आणि त्यांच्या खालची माती मालकाची! मुख्य पिकाचा अर्धा वाटा मालकाच्या घरी पोचवायचा. मालकाच्या मनात आले की त्याने बांधाची, झाडांची किंमत चुकती करायची आणि कुळाला वाट दाखवायची. आजोबाने रचलेल्या बांधावरून नातवाला उठवता येत असे. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुखणे अनोळखी नाही. गोव्यात मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला. मदेरात कोलोनियावर बंदी आली ती १९७६ च्या नव्या पोर्तुगीज राज्यघटनेने, आणि पुढच्या वर्षी बेटाच्या विधिमंडळाने कायदा करून कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. एकाच राजवटीखाली पिचलेल्या दोन मुलखांतली ही दुखणी, आणि औषधही एकाच सुमारास लागू झाले.

घरातल्या बायकांचे हाल वेगळे. मदेराचे भरतकाम जगभर नावाजलेले. फुंशाल हे राजधानीचे शहर. तिथल्या व्यापाऱ्याकडून छापलेले कापड खेड्यात यायचे, बायका दारात बसून भरायच्या आणि मजुरी टाक्यांच्या हिशेबाने. मालावर छाप व्यापाऱ्याची, डोळे गेले तर बाईचे. हजार विड्यांवर मजुरी घेणाऱ्या आमच्या भगिनींना हा हिशेब समजावून सांगायला नको.

मग माणसे काय करीत? बेट सोडून जात. व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, जिथे मिळेल तिथे. त्या जाण्याची एक हकीकत पुढे येईलच.

आता जार्दिम. जन्म १९४३ चा, फुंशालचा. कोइंब्रा विद्यापीठातून कायद्याची पदवी. घराणे काही कुळांचे नव्हे. त्यांचे मामा जुन्या राजवटीच्या संसदेत सभासद होते. हुकूमशाही पडल्यावर बेटावर मोठा गोंधळ माजला. लिस्बनमध्ये डाव्यांचा जोर, त्यामुळे बेटावरचे जमीनदार, धर्मगुरू आणि व्यापारी धास्तावलेले. ‘फ्लामा’ नावाच्या एका गटाने तर मदेरा स्वतंत्र करा म्हणून १९७५ मध्ये बाँबस्फोट केले. अशा वेळी तिथल्या बिशपांनी चर्चचे दैनिक, ‘जोर्नाल दा मदेरा’, या तिशीतल्या वकिलाच्या हाती दिले. लेखणी तिखट. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची बेटावरची बांधणी करणाऱ्यांत ते होते. (नाव ऐकून फसू नका, हा पक्ष उजवीकडे झुकलेला आहे.) १९७६ च्या घटनेने मदेरा आणि असोरस या दोन द्वीपसमूहांना स्वायत्तता दिली. आपापले विधिमंडळ, आपापले सरकार. पहिले मुख्यमंत्री जायमे ओर्नेलास कामाशू झाले. कोलोनिया मोडणारा कायदा त्यांच्या कारकिर्दीतला, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे बेटावरच्या सगळ्याच चांगल्या गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर मांडल्या गेल्या. ओर्नेलास गेले आणि १७ मार्च १९७८ रोजी जार्दिम त्या जागी आले. वय पस्तीस.

त्याच्या चारच महिने आधी बेटावर एक भयंकर अपघात झाला होता. मदेराच्या विमानतळाची धावपट्टी अवघी सोळाशे मीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. १९ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पावसात उतरलेले पोर्तुगीज विमान कंपनीचे बोईंग धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळले. विमानात १६४ माणसे होती, १३१ गेली. कित्येक घरांतले कोणी ना कोणी परदेशी कामाला, अशा बेटाला ती धावपट्टी म्हणजे घरी येण्याची वाट. ती रुंदावण्याची मागणी मग थांबली नाही. पहिल्यांदा १९८६ पर्यंत दोनशे मीटर वाढवली. पण खरे काम २००० साली पुरे झाले. पुढे जमीन नाही, तर समुद्राकाठी १८० खांब उभे केले आणि त्या खांबांवर विमान उतरेल असा पूल बांधला. धावपट्टीची लांबी २७८१ मीटर झाली. या बांधकामाला २००४ साली पुलांच्या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पारितोषिक मिळाले. आज त्या विमानतळाला फुटबॉलपटू क्रिस्तियानू रोनाल्दोचे नाव आहे. तोही याच बेटावरचा, गरीब वस्तीतला पोरगा.

जार्दिम यांचे राज्य म्हणजे काय, हे त्या धावपट्टीकडे पाहून कळते. पोर्तुगाल १९८६ साली युरोपच्या संघटनेत गेला आणि मागास भागांसाठी युरोपचा पैसा वाहू लागला. मदेरा हा पोर्तुगालमधल्या सर्वांत गरीब भागांपैकी, म्हणून वाटाही मोठा. त्या पैशातून जार्दिम यांनी डोंगर पोखरले. जिथे खेड्यातून राजधानीला जायला घाटवळणांचा अर्धा दिवस मोडायचा, तिथे बोगद्यातून अर्ध्या-पाऊण तासात माणूस पोचू लागला. शाळा झाल्या, दवाखाने झाले, खेडोपाडी वीज-पाणी गेले. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून डोंगर उतरवण्याचे दिवस सरले. हे काम लहान नाही. ज्यांच्या दारात कधी रस्ता आला नव्हता त्यांनी रस्ता आणणाऱ्याला मत दिले, यात आम्हाला नवल वाटत नाही. शहरात बसून ‘लोक मूर्ख, पुन्हा पुन्हा त्यालाच निवडून देतात’ असे म्हणणारे शहाणे लिस्बनमध्येही होते. त्यांनी बोगद्याच्या आधीची वाट चालून पाहिली नव्हती.

१९८० पासून २००७ पर्यंत बेटावरच्या प्रत्येक निवडणुकीत जार्दिम यांच्या पक्षाला निम्म्याहून अधिक मते पडली. प्रत्येक!

पण नुसत्या रस्त्यांवर इतकी वर्षे निघत नाहीत. गृहस्थ मोठे वाकबगार. कार्निव्हलच्या मिरवणुकीत स्वतः सोंग घेऊन नाचायचे. उन्हाळ्यात डोंगरावर शांव दा लागोआ नावाच्या पठारावर पक्षाची जत्रा भरायची. मांस भाजायचे, दारू वाहायची आणि जार्दिम माईक हातात घेऊन लिस्बनला शिव्या घालायचे. मुख्य भूमीवरच्या लोकांना ते ‘क्युबावाले’ म्हणत, म्हणजे सगळे कम्युनिस्ट, आपल्या बेटावर डोळा ठेवून असलेले. दिल्लीने अन्याय केला म्हणून गल्लीत मते मागणारे पुढारी आपण पाहिले आहेत, तेव्हा हा प्रयोग आपल्याला नवा नाही. गंमत अशी की लिस्बनमध्ये त्यांच्याच पक्षाचे सरकार आले तरी शिव्या चालूच. शिव्या देऊन झाल्या की पैसे मागायचे, आणि ते बहुधा मिळायचेही. १९९० च्या दशकाच्या अखेरीला केंद्र सरकारने मदेराच्या कर्जाचा मोठा भाग आपल्या डोक्यावर घेतला. तेव्हा तिथे समाजवाद्यांचे राज्य होते, ज्यांना ते सर्वांत जास्त शिव्या देत.

वर्तमानपत्राचेही ऐका. जे ‘जोर्नाल दा मदेरा’ त्यांनी चालवले होते, ते पुढे बेटाच्या सरकारी पैशावर चालू लागले आणि फुकट वाटले जाऊ लागले. दुसऱ्या दैनिकाने विकून पोट भरायचे आणि या दैनिकाने सरकारची आरती फुकट वाटायची! पदरमोड करून साप्ताहिक घेणाऱ्या आमच्या वाचकांना यातले मर्म कळेल. विरोधी पक्ष होते, निवडणुका होत्या, पण नोकरी सरकारची, कंत्राट सरकारचे, वर्तमानपत्र सरकारचे. अडीच लाखांच्या बेटावर सरकारशी वाकडे घेऊन माणूस जाणार कुठे?

आता ती राहिलेली हकीकत. २००५ च्या जुलैत एका उत्सवात बोलताना जार्दिम चिनी आणि भारतीय लोकांवर घसरले. हे लोक इथे शिरत आहेत, मला ते इथे नकोत, असे ते चारचौघांत बोलून गेले. पोर्तुगालभर गहजब झाला. आम्हाला मात्र दुसरेच काही आठवते. इंग्रजांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी बंद केली तेव्हा ब्रिटिश गयानातल्या ऊसमळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा १८३५ साली मळेवाल्यांनी पहिल्यांदा मजूर आणले ते मदेरातून. उपाशी, कर्जबाजारी मदेरावाले जहाजे भरभरून गेले आणि तापाने शेकड्यांनी मेले. त्यांच्यामागून तीन वर्षांनी, १८३८ साली, त्याच मळ्यांवर करारपत्रावर अंगठा उठवून आलेले मजूर कोण होते? आपले भारतीय. मदेराचा माणूस आणि हिंदुस्थानचा माणूस एकाच मळेवाल्याच्या शिट्टीवर उठत होता. ज्या बेटाने आपली पोरे जगभर पोटासाठी पाठवली, त्या बेटाच्या मुख्यमंत्र्याने पोटासाठी आलेल्यांना ‘नकोत’ म्हणावे! दीडशे वर्षांत खापर पणजोबा विसरला जातो, तो असा.

पैशाची गोष्ट अजून पुरी व्हायची आहे आणि खरे पाणी तिथेच मुरते.

१९८० च्या दशकात मदेरात करसवलतीचे एक व्यापारी केंद्र काढले. परदेशी कंपन्यांनी इथे नाव नोंदवावे, कर नाममात्र भरावा. कंपन्या आल्या, पण पुष्कळशा कागदावरच. कारखाना नाही, कामगार नाही, दारावर पाटी. त्यांची उलाढाल मात्र बेटाच्या उत्पन्नात मोजली जायची. त्यामुळे हिशेबात मदेरा श्रीमंत दिसू लागले, लिस्बनच्या खालोखाल. मग युरोपने म्हटले, तुम्ही आता गरीब राहिला नाहीत. २००७ पासून मदेरा सर्वांत मागास भागांच्या यादीतून बाहेर गेले आणि मदत आटू लागली. दारावरच्या पाट्यांचे उत्पन्न भरतकाम करणाऱ्या बाईच्या नावावर मांडले गेले आणि तिच्या हक्काचे पैसे कापले गेले. अशी ही श्रीमंती!

त्याच वर्षी लिस्बनच्या समाजवादी सरकारने नवा अर्थविषयक कायदा करून बेटाला मिळणारी रक्कम कमी केली. जार्दिम यांनी फेब्रुवारीत राजीनामा फेकला आणि मुदतीआधी निवडणूक घ्यायला लावली. ६ मे २००७ ला मतदान झाले. ४७ पैकी ३३ जागा त्यांच्या. लोकांनी पुन्हा खुर्चीवर बसवले, पण मतांनी तिजोरी भरत नाही. कामे थांबवावीत तर कंत्राटदार बसतात आणि उद्घाटनांच्या फिती कापणे बंद पडते. तेव्हा कामे चालूच राहिली. समुद्राच्या लाटांनी पुन्हा पुन्हा फोडलेला लुगार दे बायशू इथला नौकातळ हा त्यातलाच नमुना. कोट्यवधी युरो ओतले, बोटी काही थांबल्या नाहीत. मधेच २० फेब्रुवारी २०१० ला डोंगरांवर ढग फुटले, दगडगोटे घेऊन ओढे फुंशालमध्ये घुसले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली.

पोर्तुगाल स्वतः २०११ मध्ये कर्जात बुडाला आणि मे महिन्यात युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ७८ अब्ज युरोंचे कर्ज घ्यायची वेळ आली. देशाचे हिशेब तपासायला बाहेरची माणसे बसली. त्या सप्टेंबरात देशाच्या मध्यवर्ती बँकेने आणि सांख्यिकी खात्याने जाहीर केले की मदेरा सरकारने मागच्या काही वर्षांतली एक अब्ज युरोंहून अधिक देणी कुठे दाखवलीच नव्हती. कामे झाली, बिले आली, बिले दडवली. सरकारी कंपन्या धरून सगळे देणे सहा अब्जांच्या वर गेले होते. म्हातारा-कोतारा, तान्हे बाळ धरून माणशी बावीस हजार युरोंहून अधिक!

जार्दिम यांनी काय सांगितले? नाकारले नाही. आकडे दाखवले असते तर समाजवाद्यांनी आणखी पैसे कापले असते, म्हणून तसे करणे भाग पडले, असे त्यांचे म्हणणे. पुढे फौजदारी चौकशी झाली, शिक्षा कोणाला झाली नाही.

आणि महिन्याभरात, ९ ऑक्टोबरला, निवडणूक! सगळ्या देशाचे डोळे त्या बेटाकडे. जार्दिम पुन्हा जिंकले. मते पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आली, पण ४७ पैकी २५ जागा मिळाल्या आणि सरकार झाले. यावर कोणी संतापेल. आम्ही थोडे थांबून विचार करतो. ज्याच्या दारात बोगदा आला, त्याला ते सहा अब्ज कागदावरचे आकडे वाटले असणार. बोगदा डोळ्यांना दिसतो, कर्ज दिसत नाही.

दिसले ते दुसऱ्या वर्षी. जानेवारी २०१२ मध्ये लिस्बनने दीड अब्ज युरो कर्ज दिले, पण अटी घालून. बेटावर आजवर सवलतीने असलेला विक्रीवरचा मुख्य कर सोळा टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेला. हा कर दुकानात भरायचा असतो. त्यात मंत्री आणि मोलकरीण असा भेद नसतो. कंत्राटदाराचा नफा कधीच बँकेत पोचला होता. हप्ता सुरू झाला तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतून.

मग मात्र वारे फिरले. २०१२ च्या नोव्हेंबरात पक्षातच फुंशालचे महापौर मिगेल आल्बुकेर्के त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि जार्दिम अगदी थोडक्यात निसटले. २०१३ च्या स्थानिक निवडणुकांत बेटांवरच्या अकरापैकी सात नगरपालिका पक्षाच्या हातून गेल्या, राजधानी फुंशालसुद्धा. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला आणि २० एप्रिलला त्याच आल्बुकेर्के यांनी शपथ घेतली. पक्ष तोच. १९७६ पासून मदेराने दुसऱ्या पक्षाचा मुख्यमंत्री पाहिलेला नाही. २०२५ च्या मार्चमधल्या निवडणुकीतही पहिला क्रमांक त्याच पक्षाचा आला.

कोलोनियाच्या वेळची ती पायऱ्यांची शेते डोंगरावर आहेत. काही पडीक गेली, काहींवर केळी डुलतात, आणि मातीचा अर्धा वाटा आता कोणाच्या घरी जात नाही. समुद्राकाठच्या त्या १८० खांबांच्या रांगेत, धावपट्टीच्या सावलीला, खेळाची मैदाने केली आहेत. वरून विमान घरघरत उतरते. खाली मुले चेंडू खेळत असतात आणि वर मान करून बघतही नाहीत.